जड ग्राइंडर आणि त्याची फिरती घोडी

गांवोगांव फिरणारा शिकलगार ज्यांनीं लहानपणीं पाहिला असेल त्यांस त्याच्या चाकाची घोडी आठवत असेलच. लांकडाची एक हलकी चौकट, तींत बसविलेलें दगडी चाक, खालीं पायानें हलविण्याची फळी, आणि काम संपलें कीं तें सारें पाठीवर टाकून तो पुढच्या आळीस चालता होई. पुढें शहरांतून या धंद्यांतील लोकांनीं सायकलवरच चाक बसविलें. सायकल मागच्या स्टँडवर उभी करावयाची, पायडल मारावयाचें आणि कात्र्या-सुऱ्यांस धार लावावयाची. हत्यार यंत्राकडे न नेतां यंत्रच हत्याराकडे नेण्याची ही युक्ति अशी जुनी आहे. फरक इतकाच कीं, शिकलगाराचें चाक हलकें होतें व सावकाश फिरत असे. आज आपल्या शेडांत विजेवर चालणारा जो दोन चाकांचा ग्राइंडर असतो तो एकटाच 30 ते 35 किलो भरतो, त्याचें चाक मिनिटास 2,800 हून अधिक फेरे घेतें, आणि तो फिरता करावयाचा म्हटला म्हणजे दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकदम साधाव्या लागतात. काम चालू असतां तो तसूभरही हलतां कामा नये, आणि काम नसतां एका माणसास तो नेतां आला पाहिजे. या दोहोंचा मेळ कसा घालावा एवढाच या लेखाचा विषय आहे.

ग्राइंडर मुळांत हलवावयाचा कशाला, असें कोणी विचारील. एकाच जागीं पक्क्या ओट्यावर तो बोल्टानें जखडून टाकणें हें सर्वांत उत्तम, हें आम्हांसही मान्य आहे. ज्याच्याकडे हत्यारांसाठीं वेगळी, मोकळी, पक्क्या जमिनीची खोली आहे त्यानें हा लेख वाचून सोडून दिला तरी चालेल. परंतु बहुतेकांची स्थिति तशी नसते. ज्या शेडांत ग्राइंडर ठेवलेला असतो त्याच शेडांत डिझेलचे डबे, खतांचीं रिकामीं पोतीं, आणि हंगामांत कापूस किंवा कडबाही पडलेला असतो. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापून पेटलेला पोलादाचा कण होय. ती चार-सहा फूट सहज उडते आणि कापसाच्या बोंडास एवढी ऊब पुरेशी होते. दुसरी अडचण जागेची. कुळवाची पास किंवा पांच फुटी पहार चाकास लावावयाची तर चाकासमोर तितकी मोकळी जागा हवी. ती नसली म्हणजे माणूस वांकडा उभा राहतो, आणि वांकड्या उभ्या माणसाच्या हातांतील हत्यार चाकांत अडकतें. म्हणून धार लावण्याच्या वेळीं यंत्र अंगणांत मोकळ्यावर आणावें व काम होतांच तें परत छपराखालीं न्यावें, हें पुष्कळांच्या सोयीचें आहे. शेड, गोठा आणि विहिरीजवळची मोटरची खोली या तीन ठिकाणांपुरती त्याची ये-जा झाली म्हणजे झालें. ग्राइंडर घेऊन बांधाबांधानें हिंडण्याचा हव्यास मात्र कोणीं धरूं नये. कोयते आणि विळे घेऊन चालत येणें हें यंत्र घेऊन चालत जाण्यापेक्षां केव्हांही स्वस्त.

दुसरा प्रश्न असा येईल कीं, चार इंची हातग्राइंडर आतां बहुतेक घरीं असतांना हें जड धूड हवें कशास? हातग्राइंडर कापण्याच्या आणि वेल्डिंगचा फुगार घासण्याच्या कामीं फार उपयोगी आहे. पण तो मिनिटास 11,000 च्या आसपास फेरे घेतो व त्यास दोनही हातांनीं धरावें लागतें. हत्यार धरावयास हात उरत नाहीं. तें शिकंज्यांत आवळलें तरी धारेचा कोन हाताच्या अंदाजावरच राहतो, आणि पातळ पातें क्षणांत निळें पडतें. जड ग्राइंडरावर यंत्र स्थिर असतें, हत्यार टेकणीवर टेकतें आणि दोनही हात हत्यारावर असतात. धारेचें खरें काम येथेंच होतें.

आतां प्रचारांतील घोड्यांचे दोष पाहूं. कांहीं लोक ग्राइंडर जाड फळीवर बोल्टानें बसवितात आणि फळी जेथें सांपडेल तेथें, बाजेवर, पिंपावर किंवा ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवून काम करतात. याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. ज्यानें हें केलें आहे त्यास यंत्र थरथरत कडेकडेनें कसें सरकतें हें ठाऊकच आहे. दुसरा प्रकार वरकरणीं चांगला दिसतो. लोखंडी अँगलची चौकट करून तिच्या चारी कोपऱ्यांस गरगर फिरणारीं लहान चाकें लावतात व त्यांपैकीं दोहोंस पायानें दाबण्याचा ब्रेक असतो. कारखान्यांतील गुळगुळीत फरशीवर हें निभतें. आपल्या सारवलेल्या अंगणांत किंवा मुरमाच्या जमिनीवर तीं दोन-तीन इंची चाकें रुततात, आणि काम चालू असतां त्या फिरत्या चाकांच्या खुंटींतील ढिलाई सगळ्या यंत्रास हेलकावे देते. ब्रेक चाकाचें फिरणें थांबवितो, खुंटींतील डुलणें थांबवीत नाहीं. सबब पहिला नियम असा कीं, काम करतेवेळीं यंत्राचा भार पायांवर असावा, चाकांवर कधींही नसावा; आणि चाकें नेतेवेळीं तेवढीं जमिनीस लागावीं. बाकीचें सर्व या एका नियमांतून निघतें.

घोडीची उंची प्रथम ठरवावी. हत्याराची टेकणी काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीस यावी. मध्यम उंचीच्या माणसाचें कोपर जमिनीपासून साधारण 1 मीटर किंवा त्याहून किंचित् वर असतें. ग्राइंडरच्या बैठकीपासून त्याच्या दांड्याच्या मध्यापर्यंतचें अंतर 15 सें.मी. धरलें तर घोडीचा माथा 85 ते 88 सें.मी. वर येतो. उंची कमी झाली तर माणूस वांकून यंत्रावर अंग टाकतो व ठिणग्यांच्या वाटेंत तोंड नेतो. जास्त झाली तर हत्यार वर उचलून धरावें लागतें आणि टेकणी निरुपयोगी होते. घरांतील जो मनुष्य हें काम नेहमीं करतो त्याच्याच कोपराचें माप घ्यावें, मालकाच्या नव्हे.

पाय तीन असावेत कीं चार, याविषयीं आमच्या लोहारमित्रांत नेहमीं वाद होतो. चुलीचे तीन दगड कधीं डुगडुगत नाहींत, तिवई कोठेंही ठेवली तरी बसते; म्हणून तीन पायांकडे मन ओढतें. पण न डुगडुगणें निराळें आणि न कलंडणें निराळें. मध्यापासून प्रत्येक पाय 40 सें.मी. वर ठेवला, तर तिवईच्या दोन पायांस जोडणारी रेषा मध्यापासून केवळ 20 सें.मी. वर येते, आणि त्या बाजूस यंत्र तितक्यावरच कलंडतें. चार पाय असतील तर हीच रेषा 28 सें.मी. वर येते. ग्राइंडरचा जडपणा सगळा माथ्यावर असल्यामुळें हा फरक लहान नाहीं. म्हणून पाय चारच असावेत, आणि त्यांपैकीं एकास खालून जाड बोल्ट लावून तो फिरवून कमी-अधिक करतां यावा. जागा बदलली कीं तो एक बोल्ट फिरवून चौथा पाय जमिनीस टेकवावयाचा. तिवईचा गुण तेवढ्यानें पदरांत पडतो.

बैठकीची चौकट 50 मि.मी. रुंद व 6 मि.मी. जाड अँगलची, 60 सें.मी. लांब व तितकीच रुंद करावी. ती नेहमींच्या दारांतून सहज जाते. तिच्या मध्यावर 4 इंची लोखंडी नळीचा खांब, त्यास खालीं चारी बाजूंनीं त्रिकोणी पट्ट्यांचा आधार, आणि वर 6 मि.मी. जाड पत्र्याचा माथा. एवढें लोखंड 24 किलोच्या आसपास भरतें. नळींत कोरडी वाळू भरून तोंड बंद केलें तर यंत्र चालतांना ती घणघणत नाहीं. वाळूचें ओझें निराळें धरावें लागेल, म्हणून पुढील हिशेबांत ती घेतलेली नाहीं.

आतां वजन. ग्राइंडर 32 किलो आणि घोडी 24 किलो मिळून 56 किलो झाले, पण त्यांतील बहुतेक भार वर आहे. हिशेब केला तर सगळ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारें 71 सें.मी. वर पडतो. बैठकीवर तळाशीं 45 सें.मी. चौरस व 8 सें.मी. जाड सिमेंटकाँक्रीटचा थर ओतला तर तो जवळजवळ 40 किलो भरतो, एकूण वजन 96 किलो होतें, आणि गुरुत्वमध्य 44 सें.मी. वर उतरतो. चाकाच्या उंचीवर, म्हणजे 1 मीटरवर, आडवा जोर लावून यंत्र कलंडावयाचें तर सिमेंट नसतां 17 किलोचा जोर पुरतो. सिमेंट असतां 29 किलो लागतो. हीच बैठक 60 ऐवजीं 40 सें.मी. ची केली तर सिमेंटाशिवाय 11 किलोच्या रेट्यानेंच यंत्र उलटेल. पहार दाबून धरणारा धडधाकट गडी 11 किलोचा रेटा नकळत देतो. वाचकांनीं हे आंकडे लक्षांत ठेवावेत, कारण घोडी करतांना लोहार नेहमीं बैठक लहान करण्याकडे झुकतो. त्याचें लोखंड वांचतें आणि वस्तु आटोपशीर दिसते.

काँक्रीटासाठीं एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग बारीक खडी हें नेहमींचें प्रमाण चालतें. वेल्डिंगचें सर्व काम आधीं संपवावें, तळास पत्रा लावावा, थरांत दोन-चार सळ्यांचे तुकडे आडवे टाकावे, आणि निदान सात दिवस ओलें गोणपाट घालून तो थर भिजत ठेवावा.

काँक्रीटाऐवजीं वाळूचीं पोतीं ठेवण्याची एक सोपी रीत आहे व ती प्रथमदर्शनीं अधिक शहाणपणाची वाटते. बैठकीवर वीस-वीस किलोचीं दोन पोतीं ठेवलीं कीं तितकाच भार होतो, आणि नेतांना तीं उतरविलीं कीं यंत्र हलकें. माती व वाळू कोठें मिळत नाहीं? आम्हींही प्रथम हेंच केलें होतें, आणि तेव्हां आमची बैठकही 40 सें.मी. चीच होती. ऊसतोडीच्या गर्दींत ग्राइंडर गोठ्याकडे नेला. पोतीं दुसऱ्या खेपेस आणूं म्हणून मागें राहिलीं, तीं राहिलींच. गड्यानें पहारीचें टोंक लावावयास घेतलें आणि यंत्र पलीकडे आडवें झालें. कोणास लागलें नाहीं, यंत्र पुन्हां उभें केलें, कळ दाबली तों चाक सरळ फिरूं लागलें, तेव्हां सगळ्यांनीं देवाचे आभार मानून उरलेलें काम पुरें केलें. दुसरे दिवशीं सकाळीं सुरू करतांच, चाकास अद्याप कांहींही लावलेलें नसतांना, तें फुटून तीन तुकडे झाले. दोन तुकडे वरच्या लोखंडी झांकणानें अडविले. तिसरा समोरच्या पत्र्यांतून आरपार गेला. गडी केबल सरळ करावयास बाजूस वांकला होता म्हणून वांचला. 200 मि.मी. व्यासाच्या चाकाची कड मिनिटास 2,850 फेऱ्यांत सेकंदास जवळजवळ 30 मीटर, म्हणजे ताशीं 100 कि.मी. हून अधिक वेगानें धांवत असते. तुकडा सुटतो तो याच वेगानें. दोष यंत्राचा नव्हता, विकणाऱ्याचाही नव्हता. पोतीं विसरणाऱ्यांचा होता आणि पडलेल्या चाकाची परीक्षा न करणाऱ्यांचा होता. तेव्हांपासून आमचें मत काँक्रीटाकडे झुकलें आहे. जें वजन विसरतां येतें त्यावर भरंवसा ठेवूं नये. उंचसखल वाटेनें नेतांनाही खालीं वजन असलेली घोडी आडव्या उतारावर उशिरां कलंडते, हा दुसरा लाभ.

मग 96 किलोचें हें धूड एका माणसानें न्यावें कसें? येथें दोन रीति आहेत. पोतीं वाहण्याच्या दोन चाकी ढकलगाडीप्रमाणें यंत्र मागें कलतें करून ओढणें ही एक. तींत माथ्यावरील जड यंत्र माणसाच्या छातीकडे झुकतें, आणि पाय घसरला तर तें अंगावरच येतें. आम्ही दुसरी रीत पसंत करतों, ती मातीच्या एकचाकी हातगाडीची. मागच्या पायांच्या मागें 15 सें.मी. वर आडवा आंस घालावा व त्याच्या दोन टोंकांस दोन चाकें बसवावीं. घोडी पायांवर सरळ उभी असतां हीं चाकें जमिनीपासून एक सूत वर राहिलीं पाहिजेत. पुढच्या बाजूस बैठकीला नळीचे दोन तुकडे वेल्ड करून त्यांत दोन दांडे घालावे. ते बाहेर 90 सें.मी. येतील व त्यांच्या मुठी जमिनीपासून 50 सें.मी. वर राहतील असे वर कलते असावेत. दांडे उचलले कीं पुढचे पाय सुटतात, चाकें टेकतात, थोडें आणखी उचललें कीं मागचे पायही सुटतात, आणि सारें दोन चाकांवर येतें. आंसापासून मुठीपर्यंत 165 सें.मी. आणि आंसापासून भाराच्या मध्यापर्यंत 45 सें.मी. असल्यामुळें हातांवर साधारण 26 किलो येतात, म्हणजे 50 किलोच्या पोत्याच्या निम्मेच. मुठी वीस-बावीस सें.मी. वर आल्या म्हणजे मागचे पाय जमिनीपासून दोन सें.मी. सुटतात. अंगणास हें पुरे. वाटेंत दगड असतील तर ते आधीं बाजूस सारावे, यंत्रास उड्या मारावयास लावूं नये. काम सुरू करण्यापूर्वीं दांडे काढून ठेवावे, नाहींतर त्यांत पाय अडकून माणूस नेमका चाकाकडे पडतो.

चाकें मोठीं असावींत. जुन्या हातगाडीचीं किंवा मोडलेल्या फवारणी पंपाच्या गाडीचीं 30 ते 40 सें.मी. व्यासाचीं, रबरी धांवेचीं चाकें मऊ जमिनींत रुतत नाहींत व भंगारांत थोडक्यांत मिळतात. हवेच्या चाकांतील हवा कमी झाली तरी काम करतांना कांहीं बिघडत नाहीं, कारण त्या वेळीं भार त्यांवर नसतो. हा आमच्या पहिल्या नियमाचा आणखी एक फायदा.

माथ्यावर ग्राइंडर बसवितांना खालीं जुन्या बैलगाडीच्या धांवेच्या रबराचा सूत-दीड सूत जाडीचा पट्टा घालण्यास हरकत नाहीं. कांहीं लोक कांपणें कमी व्हावें म्हणून जाड मऊ रबर घालतात. त्यानें यंत्र अधिकच नाचतें. चारी बोल्टांना स्प्रिंगचे वायसर आणि दुहेरी नट लावावे, कारण फिरत्या यंत्राचे नट बसल्या यंत्राच्या नटांपेक्षां लवकर ढिले होतात. चाकास, टेकणीस किंवा चाकावरील झांकणास धरून यंत्र कधींही उचलूं नये. ट्रॉलींतून दूर न्यावयाचें असल्यास दोनही चाकें काढून गोणपाटांत गुंडाळून निराळीं न्यावीं. काढतांना हें ध्यानांत असावें कीं, समोर उभें राहिलें असतां उजव्या हाताच्या चाकाचा नट नेहमींच्या आट्याचा असतो व डाव्या हाताचा उलट आट्याचा. हें माहीत नसल्यामुळें डाव्या बाजूचे नट पाना लावून लावून गोल झालेले आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

विजेची बाब यंत्र फिरतें झाल्यामुळें अधिक जपण्याची होते. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालतांना 5 ते 6 अँपियर घेते, पण सुरू होतांना त्याच्या पांच-सहा पट ओढते. 30 मीटर लांबीची, 1.5 चौरस मि.मी. तांब्याची केबल असेल तर सुरू होण्याच्या क्षणीं तिच्यांतच वीस-बावीस व्होल्ट खर्च होतात. खेड्यांत दाब आधींच कमी असतो, मग मोटर घुंघुं करते, उशिरां वेग घेते आणि तिची गुंडाळी तापते. 2.5 चौरस मि.मी. ची केबल घेतली तर ही घट 13 व्होल्टांवर येते. केबल तीन तारांची असावी आणि तिसरी तार ग्राइंडरच्या अंगास व पलीकडे खऱ्या अर्थिंगास जोडलेली असावी. नुसत्या तीन खिळ्यांच्या सॉकेटावर समाधान मानूं नये. गोठ्याची जमीन ओली असते, म्हणून ज्या सॉकेटावरून यंत्र चालवावयाचें त्याच्या मागें 30 मिलिअँपियरवर वीज तोडणारें गळतीरक्षक स्विच बसवावें. केबलचें वेटोळें पूर्ण उलगडावें, आणि ती माणसाच्या मागून नेतां ठिणग्यांच्या पलीकडून न्यावी.

थ्री फेज ग्राइंडर ज्यांच्याकडे आहे त्यांनीं आणखी एक गोष्ट प्रत्येक नव्या जागीं पाहिलीच पाहिजे. दोन ठिकाणच्या सॉकेटांत फेजांचा क्रम उलटसुलट असला तर मोटर उलट फिरते. समोरून पाहतां चाकाची पुढची बाजू वरून खालीं गेली पाहिजे. ती खालून वर जाऊं लागली तर ठिणग्या तोंडावर येतात, एवढेंच नव्हे तर दोनही बाजूंचे नट, जे सरळ फिरण्यानें आवळत राहतात, ते सैल होऊं लागतात. म्हणून जागा बदलल्यावर क्षणभर कळ दाबून लगेच बंद करावी व चाक कोणत्या दिशेनें थांबत आहे तें पाहावें. उलट असल्यास जाणत्या वायरमनकडून दोन फेज बदलून घ्यावे.

चाकाची परीक्षा सोपी आहे, व ती यंत्र पडलें, आदळलें किंवा नवें चाक बसवावयाचें असलें म्हणजे टाळूं नये. बाजारांत मडकें घेतांना आपण टिचकी मारून पाहतों, तीच ही रीत. चाक काढून, पुसून, कोरडें करून त्याच्या भोंकांतून बोट किंवा गुळगुळीत काठी घालून तें लोंबतें धरावें. उभ्या मध्यरेषेच्या दोनही अंगांस तिरकस, कडेपासून इंच-दोन इंच आंत, लांकडी मुठीनें हलकेच ठोकावें. मग चाक थोडें फिरवून पुन्हां ठोकावें. निरोगी चाक स्वच्छ नाद देतें. तडा गेलेलें फुटक्या मडक्यासारखें बद्द वाजतें. तें टाकूनच द्यावें, मुलांच्या हातींही देऊं नये. नव्या चाकावर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा ग्राइंडरच्या पाटीवरील फेऱ्यांहून अधिक आहे ना, हेंही पाहावें. चाकाच्या दोनही बाजूंस जो जाड कागदाचा गोल चिकटविलेला असतो तो काढूं नये. लोखंडी तबकडीचा दाब तो सर्वत्र सारखा वांटतो. चाक बसविल्यावर झांकण लावून एक मिनिट मोकळें फिरूं द्यावें व तेवढा वेळ सर्वांनीं चाकाच्या रेषेंतून बाजूस उभें राहावें. खरें म्हणजे दर वेळीं सुरू करतांना बाजूस उभें राहण्याची संवयच लावून घ्यावी.

टेकणी आणि चाक यांत एका सुतापेक्षां अधिक फट नसावी, व वरच्या झांकणाची जीभ चाकापासून दोन सुतांच्या आंत असावी. चाक झिजतें तशी फट वाढते. यंत्र हलविण्याच्या धक्क्यानेंही टेकणी सरकते. रुंद झालेल्या फटींत विळ्याचें पातळ टोंक ओढलें गेलें म्हणजे चाक फुटतें किंवा बोट जातें. फट नेहमीं यंत्र बंद करून, चाक पुरतें थांबल्यावर नीट करावी.

धार लावण्याचा सविस्तर विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तथापि कडबाकुट्टीच्या पात्यांबद्दल दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें, कारण गोठ्याकडे ग्राइंडर नेण्याचें मुख्य निमित्त तेंच असतें. कडबा कापण्याचें यंत्र आपल्याकडे किर्लोस्करांनीं त्यांच्या कारखान्याच्या अगदीं आरंभींच्या काळांत, 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसण्यापूर्वींच, तयार केलें होतें. तेव्हांपासून पात्याची धार लावण्यांत लोक जी चूक करतात ती अद्याप चालूच आहे. पात्याची उतरती बाजू तेवढी घासावी. सपाट बाजू चाकास लावूं नये, कारण तीच बाजू तोंडाच्या पट्टीस लागून चालते व ती गोल झाली कीं कडबा कापला न जातां दुमडतो. चक्रावर दोन पातीं असतील तर दोनही सारखींच घासावीं. एकच पातें झिजवीत गेल्यास चक्राचा तोल जातो. चाकावर दाबून धरूं नये, डावीकडून उजवीकडे सरकवीत राहावें आणि वरचेवर पाण्यांत बुडवावें. पातें पिवळसर दिसूं लागलें कीं तें 200 अंशांच्या पलीकडे गेलें आहे. निळें पडलें म्हणजे 300 अंशांच्या जवळ पोहोंचलें, आणि तेवढ्या भागाचें पाणी उतरलें. मग त्यास कितीही धार लावा, चार दिवसांत ती जाते व दोष पोलादास दिला जातो. पोलादासाठीं ॲल्युमिनियम ऑक्साइडचें, अक्षर ‘ए’ असलेलें चाक घ्यावें. ओबड कामास 36 नंबरचें आणि धारेस 60 नंबरचें, अशीं दोन चाकें दोन बाजूंस ठेवल्यास दोनही कामें होतात. पितळ, तांबें, ॲल्युमिनियम किंवा लांकूड या चाकास लावूं नये. त्यांचा चिकटा चाकाच्या छिद्रांत भरतो, चाक गुळगुळीत होतें, कापणें सोडून नुसतें तापवूं लागतें. चाकाच्या सपाट बाजूवर घासण्याचा मोह पुष्कळांस होतो, तो आवरावा. चाक तेवढ्या आडव्या दाबासाठीं केलेलें नसतें.

डोळ्यांवर चष्मा असावा. धोतराचा सोगा, उपरणें आणि लोंबता टॉवेल आवरलेला असावा. हातमोजे घालूं नयेत, तेही चाकांत ओढले जातात.

पाण्याची बादली जमिनीवर, उजव्या हातास, केबलपासून दूर ठेवावी. घोडीच्या माथ्यावर पाण्याचा डबा टांगण्याची जी पद्धत दिसते ती बरी नव्हे. पावसाळ्यांत यंत्र छपराखालीं नेल्यावर त्यावर ओलें पोतें टाकूं नये. चाकाचा खालचा भाग पागोळ्यांच्या पाण्यांत भिजत राहिला तर पाणी एका अंगास मुरतें, तो भाग जड होतो, आणि दुसरे दिवशीं तें चाक फिरतांना सारी घोडी हादरूं लागते. असें झाल्यास हत्यार न लावतां चाक कोरडें होईपर्यंत काढून उन्हांत आडवें ठेवावें, मग पुन्हां ठोकून पाहून बसवावें.